नलिनीताई उलट्या उतरल्या

कोलकात्यातल्या दमदमच्या त्या इमारतीची लिफ्ट गणपतीआधीच बंद पडली. सोसायटीच्या कमिटीने त्यावर मीटिंगा घेतल्या, चहा ढोसला आणि घर गाठलं. तिसऱ्या मजल्यावर नलिनीताई गुडघे धरून बसल्या, त्याचं कुणाला काय? चढणं कसंबसं जमायचं. उतरताना मात्र गुडघ्यात सुरी फिरायची आणि खाली बघूनच भोवळ यायची.

आणि आज महाराष्ट्र मंडळात नातीचं नाटक. कोलकात्यात वाढलेल्या रुचाचं मराठी अडखळणारं. आजीने महिनाभर तिच्याकडून एकेक वाक्य घोटून घेतलेलं. "तू समोर नसलीस तर मी स्टेजवर जाणारच नाही," पोरीने फोनवर बजावलं होतं.

शेजारी खुर्चीत बसवून उतरवायला तयार होते.

"मी काय विसर्जनाला निघालेय?" नलिनीताई फणकारल्या.

दत्तात्रयरावांची सगळी नोकरी दार्जिलिंगच्या छोट्या गाडीच्या इंजिनांपाशी गेलेली. ते म्हणाले, "जिन्याकडे पाठ कर, कठडा धर आणि मागे मागे उतर."

"उलटी?"

"आमचं इंजिन असंच उतरायचं. चढताना तोंड डोंगराकडे, उतरतानाही डोंगराकडेच. उताराकडे तोंड केलं तर बॉयलरमधलं पाणी पुढे पळतं, आगीवरचा पत्रा उघडा पडतो आणि जळतो."

"आता बायकोला बॉयलर म्हणा."

"इतकी वर्षं वाफ सोसतोय, म्हटलं तर काय बिघडलं?"

ते दोन पायऱ्या खाली, हात बायकोच्या पाठीला. नलिनीताईंनी पाय मागे टाकला, चाचपला, टेकवला. दुखलं, पण सुरी फिरली नाही. समोर फक्त उतरलेल्या पायऱ्या. खालचा उतार दिसतच नव्हता, मग भोवळ कसली?

पहिल्या मजल्यावर कमिटीचे सेक्रेटरी भेटले. हसू दाबत बंगालीत म्हणाले, "सावकाश हं, काकीमा."

"सावकाश तुमची लिफ्ट आहे," नलिनीताईंनी अस्सल बंगालीत सुनावलं. "भिंतीला चिकटा. गाडी येतेय."

सेक्रेटरी चिकटले. दत्तात्रयरावांनी तोंडाने बारीक शिट्टी वाजवली. "चळलात की काय," त्या पुटपुटल्या. पण पुढच्या वळणावर शिट्टी आली नाही, तेव्हा थांबून राहिल्या. मग ती आली.

तळमजल्याची फरशी पायाला लागली तेव्हा पदर घामाने चिंब झाला होता. ऑटोत बसताबसता त्यांनी फोन लावला.

"रुचा, निघाले गं मी. पहिल्या वाक्याला घाई करू नकोस. आधी श्वास घे."