पात्याची बाजू

रजनीताईंनी कापडाचा वाकडा तुकडा सुनेच्या नाकासमोर धरला.

“ही सरळ रेघ आहे?”

चंदा कणीक मळत होती, तीही डाव्या हाताने. तिने मान वर केली नाही.

“माझ्या हातून सरळच जातं, आई.”

“म्हणजे माझा हात वाकडा?”

“मी तसं नाही बोलली. पात्याची साईड बदलेल आहे ना. उजव्या हाताला नाही चालणार ते.”

रजनीताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्विल्टचा नाद त्यांचा. निवृत्त झाल्यावर कापड कापायची मॅट आणि गोल पात्याचा कटर त्यांनी हौसेने मुंबईहून मागवला होता. मग अभिजीतने राखोलीच्या कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी लग्न करून आणली आणि बघता बघता टेबल तिचं झालं. क्विल्टला ती गोधडीच म्हणायची. त्यातून डावरी! सिल्वासाच्या शाळेत कित्येक पोरांचे डावे हात रजनीताईंनी पट्टी मारून मारून वळणावर आणले होते, आणि त्यांच्याच घरात कटर डाव्या हातासाठी लावला जात होता. आज अभिजीत सायली गावच्या कामावरून आला की त्याला पुरावा दाखवायचा आणि कटर कपाटात कुलूपबंद करायचा. मग बाळांच्या गोधड्यांच्या ऑर्डरी बाईसाहेबांनी दातांनी फाडून पुऱ्या कराव्यात.

खरं तर त्यांचे काप आधीही शेवटाशी झुकायचेच. तेव्हा त्यांनी मॅटला दोष दिला, तिला कोमट पाण्याने धुतलं, उन्हात तापवून जड पाटाखाली सपाट केलं. मग पातं बदललं, स्क्रूपाशी साचलेला कापडाचा भुगा काढला, मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. आता दोष द्यायला घरात माणूस होतं.

“ये, बघ!” त्यांनी चंदाला टेबलापाशी बोलावलं आणि उजव्या हाताने कटर पुढे रेटला. पातं पट्टीपासून सुटलं. कापड चघळल्यासारखं झालं.

“दिसलं? आता तुझ्यासारखं,” असं वेडावून म्हणत त्यांनी कटर डाव्या हातात घेतला.

पातं पट्टीच्या कडेला चिकटून निघालं आणि एकही दोरा न सोडता टोकाला पोचलं.

रजनीताईंनी पुन्हा कापलं. मग पुन्हा. मनगट कुठेच अडखळत नव्हतं. लहानपणी जेवताना आई परकराच्या नाडीने पाठीमागे बांधून टाकायची, तोच हा हात. त्यांना रडू आलं, आणि त्या रडण्याचाही संतापच आला.

बाहेर मोटारसायकल थांबली. अभिजीत हेल्मेट काढत आत आला.

“आई, कटरचं काय दाखवणार होतीस?”

रजनीताईंनी वाकडे तुकडे मुठीत चुरगळून कचऱ्याच्या पिशवीत टाकले.

“काही नाही. हातपाय धू.”

चंदा पिठाच्या हातांनी तशीच उभी होती. तिची नजर सासूच्या डाव्या हातावर होती. कटर अजून तिथेच होता.

“बघत काय उभी राहिलीस?” रजनीताई खेकसल्या. “हात धुऊन ये आणि पट्टी धर. सरकतेय.”