ताई की तायी

न्हाणीच्या चुलीत गं, वल्लं लाकूड धुमसतं
नीलू माझं न्हातं पोर, रडता रडता हसतं

शिकेकाई डोळ्यांत जाऊ नये म्हणून एका तळव्यानं माझं कपाळ झाकून मालूताई हे गायची. चाळीस वर्षं झाली, तरी तो आवाज मला धुरासकट ऐकू येतो. ओवीत ती मला 'माझं' म्हणायची. बोलताना कधीच नाही. बोलताना मी 'मारुतीरावांची लेक'.

तिची आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची. खोकून खोकून ती गेली तेव्हा माझे वडील, आप्पा, माल घालायला वखारीत गेले होते. चौदा वर्षांच्या पोरक्या मालूला ते कोगनोळीला घरी घेऊन आले. पुढं दोन वर्षांत आमची आई गेली. मी दीड वर्षाची होते, भाऊ नागेंद्र सहाचा. मालूताईनं आम्हाला वाढवलं आणि लग्नाचा विषय निघाला की भांडी घासायला उठली. आप्पांशी ती शेवटपर्यंत उंबऱ्याआडून बोलली.

गेल्या श्रावणात आप्पा गेले. शेत आमच्या नावावर व्हायला वंशवृक्ष हवा होता. कुणाला कोण, जिवंत कोण, मयत कोण, सगळं एका कागदावर चौकटी आखून. नागेंद्रला बँकेतून सुट्टी नव्हती, म्हणून बेळगावहून शाळेची रजा टाकून मी आले आणि मालूताईला घेऊन कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं मान वर केली. माझ्या मागं पाण्याची बाटली छातीशी धरून ती उभी होती.

"इवरु यारु?" ह्या कोण, त्यानं विचारलं.

मी एक शब्द बोलले. त्यानं तिचं नाव विचारून लिहून घेतलं.

आठ दिवसांनी कागद आला. नागेंद्र कानडी शाळेत शिकलेला. बोट ठेवत वाचता वाचता तो थबकला आणि मोठ्यानं हसला.

"नीलम, तू त्याला काय सांगितलंस? ताई? अगं, त्यानं 'तायी' ऐकलं. कानडीत तायी म्हंजे आई! आप्पांच्या शेजारी चौकट काढून मालूताईला बसवलंय बघ."

"अगं बया!" मालूताई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "माझं लगीन कवा लागलं रं? अक्षता तरी टाकायच्या हुत्या माझ्यावर!"

मीही हसले. नागेंद्रचं हसू मात्र आधी थांबलं.

"हे दुरुस्त करायला पायजे. उद्या कुणाच्या हातात पडलं तर गाव म्हणंल, मारुतीरावानं ही..."

त्यानं वाक्य तिथंच सोडलं. पण मालूताईला ते पुरतं ऐकू आलं होतं. तिनं पदर तोंडावरून काढला, नीट खांद्यावर घेतला आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "खोड बाबा. त्या देवमाणसाच्या नावाला डाग नगं."

"मग बहीण म्हणून घालूया की," मी म्हटलं.

"कशी घालायची? दत्तकाचा कागद हाय का? तलाठी विचारंल, रक्ताची हाय का?" नागेंद्र वाईट नाही. लहानपणी ताप आला की तिच्याच मांडीवर डोकं ठेवून निजायचा. पण त्याला कागद कळतात.

सोमवारी कचेरीसमोरच्या झाडाखाली टायपिस्टानं कानडीत प्रतिज्ञापत्र टाइप केलं. तिघांच्या सह्या हव्या होत्या.

"वाचून दाव," मालूताई मला म्हणाली.

मी मराठी करत वाचलं. "सदर मालुबाई ही आमच्या कुटुंबातील नसून, तिचा आमच्याशी रक्ताचा अथवा अन्य कोणताही संबंध नाही."

"रक्ताचा न्हाय. बरोबर." तिनं कागदाकडं बोट केलं. "पर ते दुसरं... कोणताही म्हंजे?"

"तसं लिहावंच लागतं गं ताई," नागेंद्र खाली बघत म्हणाला. "फॉरमॅटच हाय त्यो."

"व्हय का? मग असू दे."

तिनं पेन घेतलं. सातवीत असताना चुलीपुढच्या राखेत मी तिला अक्षरं शिकवली होती. मा. लु. बा. ई. प्रत्येक अक्षर सुटं, जणू एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. खाली मी सही केली. एका झटक्यात, नेहमीसारखी वळणदार; याचीच मला लाज वाटते.

शिक्का मारून घ्यायला नागेंद्र कागद घेऊन आत गेला. मालूताई बाकावरून उठली.

"चल, झालं एकदाचं. त्या कारकुनाला बोलू नगंस हां. बिचारा मराठी न्हाय, त्याच्या कानाची चूक."

मी तिचं मनगट धरलं. इतकं बारीक झालं होतं ते.

"ताई, त्याला बरोबर ऐकू आलतं. मी कानडीतच सांगितलं होतं."