नावं सरली तरी कोणी उठेना

मी एक जुनी विजेरी आहे. विजेरी हे माझं पुस्तकातलं नाव, थिएटरात मला सगळे बॅटरी म्हणत. अंगाने पत्र्याची, पोटात तीन सेल आणि काचेला डाव्या बाजूला एक तडा. तडा कसा गेला असं कोणी विचारलं तर मला हातात वागवणारे मामा सांगत, "पडली होती." मी पडले नव्हते, मित्रांनो. समोरच्या खुर्चीवरचे पाय खाली घ्या म्हटल्यावर एका गृहस्थाने मला लाथ मारली होती. मामा लोकांची उणीदुणी काढत नाहीत. ते काम मी करते.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. कारखान्यातून निघाले तेव्हा मी अशी नव्हते. तिथे एका बाईने माझं बटण पंचवीस वेळा दाबून पाहिलं, मान डोलावली आणि मला खोक्यात ठेवलं. मला वाटलं होतं, एखाद्या डॉक्टरच्या बॅगेत जागा मिळेल. नशिबी आलं थिएटर. मामा तिथे बाल्कनीचे डोअरकीपर होते. अंधारात उशिरा येणाऱ्यांना खुर्ची दाखवायची, हे आमचं काम. बावीस वर्षं हे काम केलं तर तुमचाही स्वभाव बिघडेल. 'आमचा नंबर हाच' असं ठासून सांगणाऱ्याच्या हातातलं तिकीट कालचं असतं. पाणी पिऊन येतो म्हणून उठलेला माणूस चार रांगा पुढे दुसऱ्याच्या खुर्चीत सापडतो. दिवे गेले की माणूस खरं बोलत नाही, असं माझं मत उगाच झालेलं नाही.

एका मामांवर मात्र माझा कधी संशय नव्हता. म्हणजे, त्या दिवसापर्यंत नव्हता. आता ती गोष्ट सांगते.

तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडे जहाजाचा पिक्चर लागला. एक कप्तान, त्याचं जहाज आणि धुक्याच्या एका सकाळी जहाजासकट नाहीशी झालेली सगळी माणसं. शेवटी काही उलगडा होत नसे. पडद्यावर नावं सरकू लागली आणि पहिल्या खेळाचे सगळे प्रेक्षक चपला शोधत उठले. नावं सरली, पडदा काळा झाला. मग अचानक दहा सेकंदं एक रिकामा किनारा दिसला, वाळूत एकच ओला बूट, आणि कुठून तरी कोणीतरी शीळ घातली. हे पाहायला थिएटरात फक्त मामा होते आणि त्यांच्या हातातली मी.

दुसऱ्या खेळापासून मामा दारात आडवे उभे राहू लागले. "बसा हो, बसा. अजून आहे!" लोक कुरकुरत बसायचे आणि शीळ ऐकून तोंडात बोटं घालायचे. मग शीळ कोणाची, यावर दोन तट पडले. काही म्हणत कप्तानाची, काही म्हणत जहाजावरच्या आचाऱ्याची. मामा आचाऱ्याच्या बाजूचे. कप्तानाच्या बाजूने सगळ्यात जोरात भांडायची ती जाड भिंगांची एक कॉलेजातली मुलगी. तिने तो पिक्चर सतरा वेळा पाहिला, आणि सतराही वेळा जिन्यावर उभं राहून मामांशी वाद घातला.

दुसरा भाग येणार, असं जाहीर झालं. मग पुढे ढकललं गेलं. मग परत जाहीर झालं. ती मुलगी नर्स झाली, तिची भिंगं आणखी जाड झाली, पण कोणताही पिक्चर पाहायला आली की आधी आमच्या दाराशी यायची. "मामा, काही कळलं का?" मामा म्हणायचे, "येणार पोरी. अजून आहे म्हटलं ना मी?" एकदा ती म्हणाली, "वॉर्डात दिवस वाईट गेला ना मामा, की मी शिळेचा विचार करते. कोणाची असेल, कोणाची असेल, असं करत झोप लागते." मामांनी ते फार मनावर घेतलं. त्यांची निवृत्ती गेल्याच वर्षी होती. मालकांना विनंती करून त्यांनी ती लांबवली. "तेवढा पिक्चर दाखवतो आणि जातो," म्हणाले.

आणि एकदाचा पिक्चर आला. पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी सकाळी, आवाज नीट येतो का हे पाहायला मामा आणि ऑपरेटर अशा दोघांनीच तो रिकाम्या थिएटरात लावला. मला बाहेर स्टुलावर ठेवलं होतं. अडीच तासांनी दोघं बाहेर आले. ऑपरेटर दबक्या आवाजात म्हणाला, "मामा, कुणाजवळ बोलायचं नाही हं." मामा म्हणाले, "नाही बोलणार."

माझे कान टवकारले गेले. कुठेतरी पाणी मुरत होतं. घरी मामींनी विचारलं, "कसा आहे हो?" तर मामा म्हणाले, "बरा आहे," आणि ताटातलं अर्धं अन्न टाकून उठले. तेरा वर्षं ज्या पिक्चरवर हा माणूस बोलत आला, त्याच्याबद्दल दोनच शब्द? मी खुंटीवरच्या सदऱ्यात लटकून विचार करत होते. शेवटची दहा सेकंदं यांनी काढून तर घेतली नाहीत? लोकांनी पुन्हा तिकीट काढावं म्हणून नंतर जोडायची, असा तर बेत नाही? मला माझीच लाज वाटली, पण संशय काही जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला पाय ठेवायला जागा नव्हती. एकाने घरी शिवलेली कप्तानाची टोपी घातली होती. नर्स ड्यूटीवरून तशीच आली होती, डोळे तांबारलेले, पण चेहरा असा की सतरा वर्षांची वाटावी. "मामा, कसाय?" तिने विचारलं.

"मी कुठे पाहिलाय अजून?" मामा म्हणाले. मामा खोटं बोलले, मित्रांनो. माझ्यादेखत.

पिक्चर सुरू झाला. जहाजाची शिडं दिसताच लोकांनी इतक्या शिट्ट्या मारल्या की संवाद ऐकू येईनात. अर्ध्या तासाने शिट्ट्या कमी झाल्या. जहाज बुडालंच नव्हतं. सगळी मंडळी एका बेटावर खाऊनपिऊन सुखी होती आणि उठल्यासुटल्या गाणी म्हणत होती. मध्यंतरात लोक एकमेकांची समजूत घालत होते, "आता बघ, आता रंगेल." उत्तरार्धात कप्तानाला एक जुळा भाऊ निघाला. शिळेचा विषय कोणी काढला नाही. ओला बूट जणू कोणाचाच नव्हता. मला वाटलं होतं लोक हसतील, आरडाओरडा करतील. कोणी हूं की चूं केलं नाही. ते शांत बसणं मला फार वाईट वाटलं.

नावं सरकू लागली. कोणी उठेना. तेरा वर्षांची सवय होती ती. नावं सरली तरी कोणी उठेना. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. वर ऑपरेटरने दिवे लावायला घेतले, तर चारी बाजूंनी ओरडा झाला, "दिवे लावू नका! अजून आहे!" त्याने घाबरून दिवे बंदच ठेवले. अंधारात तीनशे माणसं काळ्या पडद्याकडे पाहत बसली होती.

मग टोपीवाला उभा राहिला. "कापलाय! यांनी पिक्चर कापलाय!"

झालं. जो तो तेच म्हणू लागला. कापलाच असणार, नाहीतर इतका वाईट कसा असेल? चांगला होता तेवढाच नेमका काढलाय! मामा सांगत होते, "अहो, आता कुठली कात्री? आता पिक्चर कळ दाबून लागतो." पण ऐकतो कोण. आणि खरं सांगते, माझाही त्या ओरडणाऱ्यांवरच विश्वास बसत होता. आदल्या दिवशीचं ते कुजबुजणं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

तेवढ्यात पायऱ्या चाचपडत नर्स वर आली. तिने काही आरोप केला नाही. ती एवढंच म्हणाली, "मामा, हे काहीही बोलतायत. तुम्ही सांगा. अजून आहे ना?"

मामांनी मला पेटवलं, आणि बावीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. माझं तोंड फिरवून उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर घेतला. दुसऱ्यांचे हजारो चेहरे मी पाहिले होते, पण माझ्या उजेडात मामा मला पहिल्यांदाच दिसले. कालपासून न झोपलेला माणूस होता तो.

"नाही पोरी," मामा म्हणाले. "संपला. मी काल पाहिला. शेवटी काही नाही, हे मला कालच कळलं होतं."

"पण मगाशी दारात तुम्ही..."

"खोटं बोललो. इतकी वर्षं तुम्हाला थांबवून ठेवलं. आता काही नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि तू तर त्या शिळेवर झोपतेस."

मला वाटलं, आता ही मामांवर चिडणार. हक्कच होता तिचा. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाली, "कालच फोन करायचा ना मामा. दोघांनी मिळून शिव्या घातल्या असत्या. एकट्याने कशाला सोसलंत?"

यावर मामांना रडू आलं, आणि मला माझा उजेड कुठे टाकावा कळेना. टोपीवाला खाली पाहत बाहेर गेला. जाता जाता म्हणाला, "म्हणजे शीळ कोणाची ते राहिलंच."

माझा अंदाज अगदीच चुकला नव्हता. मामांनी लपवलं होतंच. फक्त मी त्यांच्याकडे चोरी शोधत होते, आणि तिथे होतं दुःख.

पुढच्या खेळाची माणसं जिन्यावर ताटकळत होती. दार उघडताच त्यांनी विचारलं, "मामा, शेवटी थांबायचं ना?" मामा सरळ म्हणाले, "थांबू नका. शेवटी काही नाही."

त्या खेळालाही नावं सरली तरी कोणी उठलं नाही. लोकांना वाटलं, मामा काहीतरी लपवतायत. मामा आणि नर्स दाराशी उभे राहून त्यांच्यासाठी थांबले.

आता मी मामांच्या कपाटातल्या खणात पडून आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिचे सेल काढून ठेवा, नाहीतर पोटात गंज चढतो. संशयाचंही तसंच आहे, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. आणि कोणी तुमच्याशी खोटं बोलतंय असं वाटलं, तर उजेड जरूर टाका. पण त्याच्या खिशावर टाकण्याआधी एकदा त्याच्या चेहऱ्यावर टाकून पाहा. मला ते कळायला बावीस वर्षं लागली.