आल्डरफोर्डची मतपेटी आणि ऑरिनचे पाकीट

मी एक जुनी मतपेटी आहे, मित्रांनो. ओकच्या लाकडाची, पितळी दांडीची, आणि आता एका बाजूने थोडी कुरतडलेली. कुरतडणाऱ्या उंदरांचे नाव मी घेत नाही, कारण वर्षातले तीनशेहून अधिक दिवस तेच माझे सोबती असतात. आल्डरफोर्डच्या सभागृहात, मंचाच्या मागच्या कपाटात, नाताळचे कागदी तारे आणि मोडक्या घडीच्या खुर्च्या यांच्यामध्ये मी पडून असते.

माझा जन्म शंभर वर्षांपूर्वीचा. एका सुताराने मला घडवले आणि एका घड्याळजीने माझ्या पोटात यंत्र बसवले. मतदार माझ्या फटीत पत्रिका धरतो, बाजूची दांडी फिरवतो. आतले दोन रूळ ती पत्रिका ओढून घेतात, माझ्या कपाळावरचा आकडा एकाने पुढे सरकतो आणि घंटा वाजते. टिंग. बस, एवढेच मला येते. पण ही घंटा ऐकायला माणसे बर्फातून चालत आलेली मी पाहिली आहेत. आया कडेवरच्या मुलांना दांडीला हात लावू देत. शाळेची मुले रांगेने मला बघायला येत आणि बाई त्यांना सांगत, की या पेटीने आजवर एकही मत चुकवलेले नाही. तेव्हा मी लाकडाची असूनही फुगून जात असे.

माझा एक नियम आहे. पोटात जे गेले ते कोणाचे, हे मी कधीही सांगत नाही. मला उलटी करा, फोडा, जाळा, तरी कळणार नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. आता तेवढा उरलेला नाही, आणि का ते सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे.

डोर्कस व्हिटकम आमच्या गावाची कारकून होती. एकतीस वर्षे तिने हे काम केले. जन्म, मृत्यू, कुत्र्यांचे परवाने आणि मतदान, सगळे तिच्याकडे. निवडणुकीच्या सकाळी ती मला फडक्याने पुसायची, घंटेला तेलाचा एक थेंब द्यायची आणि माझे झाकण उघडून जमलेल्यांना माझे रिकामे पोट दाखवायची. मग दिवसभर टेबलामागे बसायची. बाजूला बायकांनी भाजून आणलेले, सफरचंदाचे गोड सारण भरलेले ॲपल पाय आणि कॉफी. माणूस दारातून आत यायचा अवकाश, डोर्कस त्याचे नाव उच्चारून यादीवर खूण करायची. दुसऱ्या गावांत म्हणे रस्ता विचारतात, घरक्रमांक विचारतात. डोर्कसला कोणाला काही विचारावे लागत नसे, आणि गावालाही याचे मोठे कौतुक होते. कोणी नवखा आपला पत्ता सांगू लागला, तर रांगेतले लोक हसत.

आमच्या राज्यात वॉशिंग्टनला प्रतिनिधी पाठवण्यासाठी नऊ मतदारसंघ आहेत. दर दहा वर्षांनी शिरगणती होते आणि मग राजधानीत बसलेली माणसे नकाशावर रेघा नव्याने ओढतात. आमचे गाव लहान, पण रेघेच्या वाटेत आलेले. पूर्वी रेघ डोंगराच्या माथ्यावरून जाई. माथ्यापलीकडची चारदोन घरे सहाव्या मतदारसंघात आणि बाकीचे सगळे गाव पाचव्यात. पाचव्याच्या पत्रिकेची कड निळी, सहाव्याची पिवळी. दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीआधी रेघ डोंगर उतरून ओढ्यापर्यंत आली. ओढ्याच्या पलीकडे क्वारी लेन आहे. तिथे ग्रॅनाइटच्या खाणीत हयात घालवलेली माणसे राहतात. त्यांची सगळी घरे एका फटक्यात सहाव्यात गेली. तसे पत्र आले होते. नव्या यादीत प्रत्येक नावासमोर पाच किंवा सहा असा आकडाही छापला होता.

डोर्कसने पत्र वाचले होते. यादीही तिच्यासमोर उघडी होती. पण एकतीस वर्षांच्या सवयीपुढे एका आकड्याचे काय चालणार? दारातून चेहरा दिसला की तिचा हात आपोआप निळ्या गठ्ठ्याकडे जाई.

क्वारी लेनच्या चौदा नंबरच्या घरात ऑरिन राहत असे. डोर्कसचा शाळेतला सोबती. खाणीतल्या धुळीने त्याची छाती निकामी केली होती. शेजारच्या गावात छातीच्या आजारांचा एक लहान दवाखाना होता, वॉशिंग्टनच्या मदतीवर चालणारा, आणि ती मदत थांबणार अशी चर्चा होती. मार्गो केनी नावाची एक नर्स सहाव्या मतदारसंघातून उभी होती. दवाखाना बंद पडू देणार नाही, असे ती दारोदार सांगत फिरली होती. ऑरिनच्या स्वयंपाकघरात बसून तिने कॉफी घेतली होती. आता आपण सहाव्यात आहोत, एवढे त्याला तिच्याकडूनच कळले होते.

मतदानाच्या दिवशी डोर्कसने दिलेली निळी पत्रिका ऑरिनने हातात घेतली, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिला.

"डोर्कस, यात त्या नर्सबाईंचं नाव दिसत नाही," तो म्हणाला.

"अरे, त्या माथ्यापलीकडच्या लोकांसाठी. तुझं नेहमीचं हेच," डोर्कस म्हणाली. "तू कुठे राहतोस ते मला माहीत नाही होय?"

मागे रांग होती. कोणीतरी हसले. ऑरिनही कसनुसा हसला, आडोशाला जाऊन त्याने खुणा केल्या आणि पत्रिका माझ्या फटीत धरली. माझे रूळ पत्रिका ओढतात, मित्रांनो. ती निळी की पिवळी हे बघणे त्यांच्या हातात नाही. मी घंटा वाजवली. त्या दिवशी क्वारी लेनच्या त्रेचाळीस माणसांसाठी मी त्रेचाळीस वेळा तितक्याच गोड आवाजात वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी आणि पत्रिका ताडून बघताना निळ्या पत्रिका त्रेचाळीस जास्त भरल्या. डोर्कसने त्या तीनदा मोजल्या.  मग तिने यादी जवळ ओढली आणि क्वारी लेनच्या पानावरचे आकडे पहिल्यांदा वाचले.

मार्गो केनी एकोणतीस मतांनी हरली होती.

प्रकरण न्यायाधीशांपुढे गेले. चूक झाली हे खरे, असे ते म्हणाले. पण त्या त्रेचाळीस पत्रिका ढिगातून ओळखायच्या कशा? आणि ती माणसे पिवळ्या पत्रिकेवर कोणाला मत देणार होती, हे सांगणार कोण? निकाल तसाच राहिला. मी ओठ घट्ट मिटून बसले होते, जसा माझा धर्म आहे. त्या दिवशी मला माझ्या धर्माची लाज वाटली.

निवडून आलेल्या गृहस्थांनी गावाच्या पत्रांना छापील उत्तरे पाठवली. पुढच्या वसंतात दवाखान्याच्या दाराला कुलूप लागले. ऑरिनला तपासणीसाठी राज्याची हद्द ओलांडून दोन तासांवरच्या शहरात जावे लागू लागले. त्याची बायको लूसिल गाडी चालवायची आणि तो मागे नळी नाकाला लावून पडून राहायचा. डोर्कसने राजीनामा दिला. तिला कोणी काढले नव्हते, की शिव्याही दिल्या नव्हत्या. गावाने फक्त तिचे कौतुक करणे थांबवले. ती सभागृहाच्या पायऱ्या चढेनाशी झाली आणि क्वारी लेनच्या वळणावरूनही जाईनाशी झाली.

तिच्या जागी नादिन आली. दुसऱ्या गावाहून आलेली, चाळिशीची, शांत बाई. ती कोणालाच ओळखत नव्हती, त्यामुळे सगळ्यांना पत्ता विचारायची. लोक कुरकुरले, पण सांगू लागले.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. येत्या मंगळवारी राज्याच्या नऊही मतदारसंघांत मतदान आहे. अंगणाअंगणात पाट्या उभ्या आहेत. वर्तमानपत्रे म्हणतात, की आठ ठिकाणी निकाल ठरल्यासारखाच आहे आणि अटीतटीची लढत फक्त सहाव्यात आहे. मार्गो केनी पुन्हा उभी आहे.

आमच्याकडे ज्याला त्या दिवशी येता येणार नाही, त्याला आधी येऊन पत्रिका पाकिटात बंद करून देता येते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका दुपारी ऑरिन आला. चाकांवरचे प्राणवायूचे नळकांडे एका हाताने ओढत होता आणि दुसऱ्या हाताने त्याने डोर्कसची बाही धरली होती. तिला तो घरातून उठवून घेऊन आला होता. दोन वर्षांनी ती सभागृहात पाऊल टाकत होती. नादिनने मला तेव्हा तेलपाण्यासाठी बाहेर काढून ठेवले होते, म्हणून हे सगळे मला दिसले.

ऑरिनने कोरी पत्रिका घेतली आणि डोर्कसपुढे धरली. "शाळेत माझं बघून लिहायचीस. आता हे बघ. मोठ्यानं वाच."

डोर्कसने आधी यादीवर बोट ठेवले. "ऑरिन. क्वारी लेन, घर नंबर चौदा. सहावा मतदारसंघ." मग पत्रिकेकडे पाहून म्हणाली, "पिवळी."

"बघ, जमतं की बाईला," ऑरिन म्हणाला, आणि त्याला खोकल्याची मोठी उबळ आली.

त्याने खुणा केल्या, पाकीट चिकटवले, त्यावर थरथरती सही केली. जाताना माझ्यावर हात ठेवून त्याने डोर्कसला एकच गोष्ट मागितली. ही पाकिटे मंगळवारी सर्वांदेखत उघडतात आणि आतल्या पत्रिका माझ्यात टाकतात. त्याच्या पत्रिकेच्या वेळी दांडी तिने फिरवावी. नादिनने लगेच मदतनीसांच्या कागदावर डोर्कसचे नाव लिहिले.  जाण्यापूर्वी डोर्कसने खिशातला रुमाल काढून माझे पितळ पुसले. मित्रांनो, त्या दुपारी मला वाटले की माझे दिवस पालटले.

ऑरिन बारा दिवसांनी गेला, त्या दूरच्या शहरातल्या रुग्णालयात.

अंत्यविधीनंतरचे जेवण आमच्याच सभागृहात झाले. गुळचट घेवडा, तपकिरी पाव, ॲपल पाय. लूसिल काळ्या कपड्यांत बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती, की मंगळवारी त्याचे मत पडणार आहे, निदान एवढे तरी त्याच्या मनासारखे होणार आहे. कपाटाच्या दाराआडून मी ते ऐकले. डोर्कस ताटल्या गोळा करत होती. तिच्या हातातल्या ताटल्यांचा आवाज थांबला, तो माझ्या चांगला लक्षात आहे. नियम तिला तोंडपाठ होता. मतदानाच्या दिवशी जो हयात नाही, त्याचे पाकीट उघडत नाहीत.

आज शनिवार. मंगळवारच्या तयारीसाठी मला कपाटातून बाहेर काढून नादिन आणि डोर्कस दुपारी टेबलाशी बसून पाकिटे आणि यादी जुळवत होत्या. ऑरिनचे पाकीट आले तेव्हा नादिनने पेन खाली ठेवले.

"मिसेस व्हिटकम, ते परराज्यात गेले. मृत्यूचा कागद माझ्याकडे आलेला नाही आणि मंगळवारपर्यंत येणारही नाही. यादीत त्यांचं नाव आहे. मी यादी वाचीन. तुम्ही दांडी फिरवा."

डोर्कसने पाकीट उचलले. त्यावरच्या सहीवरून ती अंगठा फिरवत राहिली. खरे सांगते, मित्रांनो, तिने गप्प बसावे असे मला वाटत होते. एकदा तिच्या हातून त्याचे मत गेले होते, आता तिच्याच हातून परत येणार होते. कोणाचे नुकसान होणार होते? गावात एक माणूसही बोलला नसता.

"तेव्हा यादी बरोबर होती आणि मी डोळे मिटले," डोर्कस हळू म्हणाली. "आज यादी चुकलीय. त्याच्या खड्ड्यात मी या हातानं माती टाकलीय, पोरी. आता पुन्हा डोळे कसे मिटू?"

"मग लूसिलला काय सांगायचं?"

"ते मी सांगते. तू लिही. मयत. खाली माझी सही घे."

नादिनने लाल पेन्सिलीने नावावर रेघ ओढली. ओढताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. डोर्कसने सही केली आणि पाकीट न उघडता कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. मग ती माझ्यापाशी आली. तिचा हात माझ्या दांडीवर टेकला. वाटले, एकदा फिरवेल, नुसती, त्याच्या आठवणीसाठी. पण फिरवली तर आकडा पुढे सरकला असता. तिने हात काढून घेतला, कोट चढवला आणि बाहेर पडली. खिडकीतून मला ती ओढ्याच्या पुलावरून क्वारी लेनच्या वळणाकडे जाताना दिसली. खूप सावकाश चालत होती.

मित्रांनो, मला तेल द्या, उंदरांपासून जपा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. ते तर कराच. पण त्याहून मोठी एक विनवणी आहे. टेबलामागचे माणूस तुम्हाला जन्मापासून ओळखत असले, तरी आपला रस्ता आणि घरक्रमांक मोठ्याने सांगा. हातात आलेला कागद वाचा. त्यात हवे ते नाव दिसले नाही तर विचारा, मागची रांग हसली तरी पुन्हा विचारा. ऑरिनने एकदा विचारले होते. दुसऱ्यांदा विचारायला तो लाजला. आणि टेबलामागे बसायची पाळी तुमच्यावर आली, तर चेहऱ्याकडे बघून हसा, पण आधी यादीवर बोट ठेवा. माझ्या पोटात एकदा गेलेले मी परत देऊ शकत नाही. कोणाला दिलेले नाही, आणि देणारही नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजता माझे झाकण उघडून रिकामे पोट सर्वांना दाखवतील. डोर्कस मदतीला येणार आहे, तसा शब्द तिने नादिनला दिला आहे. क्वारी लेनचे सगळे आले, तर त्यांच्यासाठी माझी घंटा बेचाळीस वेळा वाजेल.