सातव्याला जागा नाही

मी एक जुना घरगुती संगणक आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगणारी जुनी छत्री, जुना कंदील, फाटकं पुस्तक वगैरे मंडळी फार सोशिक असतात. झिजलो पण समाधानी आहे, असं म्हणून ती डोळे पुसतात. त्यांचं समाधान त्यांना लखलाभ. माझी आठवण निघाली की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मला तर तळपायही नाहीत, रबराच्या चार चकत्या आहेत.

माझं अंग आणि माझी बटणं एकाच चपट्या पेटीत आहेत. उजव्या कुशीत फ्लॉपी घालायची खाच आहे. रंग मूळचा राखाडी, आता त्यावर चहा सांडून वाळल्यासारखा पिवळेपणा आलाय. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे एका बाईने माझं झाकण लावलं, चार स्क्रू पिळले आणि शेजारणीला म्हणाली, "हा जरा जड वाटतो नाही?" एवढंच माझं बालपण. त्यानंतर खोका, अंधार आणि मग हे घर.

घरात माणसं तीन. बाबा बसस्थानकात उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, ते दिवसभर माइकवरून सांगायचे. थोरला मुलगा म्हणजे दादा. आणि धाकटी मुलगी, जिला सगळे ठमी म्हणत. मला आणलं ते ठमीसाठी. तेव्हा ती कॉलेजात होती आणि तिने आठवडाभरात माझी नाडी ओळखली.

ती नाडी तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. माझ्या डोक्यात स्वतःचं असं फारसं काही राहत नाही. बटण दाबलं की मी रिकाम्या डोक्याने जागा होतो आणि फ्लॉपीवर काय आहे ते बघतो. आधी सुरुवातीच्या फोल्डरातले प्रोग्रॅम एकामागून एक चालवतो. मग येतात सोबती. हे छोटे प्रोग्रॅम एकदा आत येऊन बसले की मी बंद होईपर्यंत उठत नाहीत. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या यादीत त्यांची नावं दिसतात आणि हाक मारली की ते हजर होतात. कुणी हिशेब करतो, कुणी वेळ सांगतो. पण माझ्याकडे सोबत्यांसाठी सहाच खुर्च्या आहेत. फ्लॉपीवर जो आधी उतरवला गेला तो आधी बसतो. त्यात गरजेचा कोण आणि हौसेचा कोण हे मला कळत नाही. सातवा आला तर तो दाराबाहेर राहतो, आणि तो बाहेर राहिला हे कुणाला सांगायची सोयही मला दिलेली नाही. मला घडवणाऱ्यांवर माझा राग आहे तो याचसाठी.

ठमीने मला बोलायला शिकवलं. तिने एक सोबती लिहिला, नाव ठेवलं 'वाचा'. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं आणि मी ते मोठ्याने बोलायचं. मी पहिल्यांदा बोललो तेव्हा बाबा हातातला घास तसाच धरून हसत सुटले. "अगं, हा नाकात बोलतोय. हा आमच्या स्थानकात असता तर एक प्रवासी गाडीत चढला नसता." त्या दिवसापासून मी नाकोबा झालो. 'ळ' मला आजही जमत नाही. पण घरात पाहुणे आले की मला बोलतं करायचे, पाहुणे कौतुक करायचे, आणि मी फुशारून जायचो. कौतुक कुणाला नको असतं?

मग ठमीला नोकरी लागली. ती पुलांचे आराखडे काढू लागली. दादा संगणकाच्या दुकानात विक्रीला लागला आणि त्याने घरात एक नवा, उंच, घरघरणारा संगणक आणला. मला खिडकीच्या जुन्या पडद्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. माळ्यावर माझ्या पाठीला पाठ लावून एक पंखा होता, त्याची पाती गेलेली. आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. बोलण्यासारखं होतं काय?

एके दिवशी बाबांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डोकं मात्र पहिल्यासारखंच लख्ख. आयुष्यभर गावाला ओरडून रस्ता दाखवलेला माणूस पाणी मागायला पेल्याकडे बोट दाखवू लागला. घरातल्या नव्या संगणकाला बोलता येत नव्हतं. ठमी शिडी लावून माळ्यावर चढली आणि धुळीत शिंकत मला खाली घेऊन आली.

तिने माझी फ्लॉपी झाडून साफ केली. सुरुवातीला काय चालायचं ते तिने ठरवलं, बाकीचं सगळं काढून टाकलं, आणि सहा खुर्च्यांपैकी एकीवर 'वाचा'ला बसवलं. पाच मोकळ्या ठेवल्या. "गर्दी नको," ती मला म्हणाली. बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने बटणं दाबू लागले. एक वाक्य म्हणजे केवढा खटाटोप. पण पहिलं वाक्य आलं ते असं: "आमटीत मीठ कमी आहे, गेले चार दिवस." ठमी हसली आणि मग बाथरूमचं दार लावून बराच वेळ आत बसली.

माझ्या आयुष्यातले हे सोन्याचे दिवस. मी बाबांचा आवाज होतो. नाकातला का होईना, पण त्यांचा.

आता रागाचं सांगतो.

ठमीला दूरच्या शहरातून बोलावणं आलं. तिथे खाडीवर मोठा पूल होणार होता आणि त्याचे आराखडे काढणाऱ्यांची ती प्रमुख होणार होती. हो की नाही ते संध्याकाळपर्यंत फोनवर कळवायचं होतं. हा पूल ती कित्येक वर्षं मनात काढत होती हे बाबांना ठाऊक होतं आणि मलाही. ती एकटी असली की माझ्यावर त्याच्या कमानी काढून बघायची. पण बाबांचं काय, म्हणून घरात बैठक बसली. एव्हाना वेगळं घर केलेला दादा आला, बाबांची बहीण म्हणजे आत्या आली.

दादा सकाळीच आला होता. ठमी बाबांना आंघोळ घालत होती, आणि हा माझ्यासमोर बसला. रिकामा माणूस आणि हातात फ्लॉपी. "किती ओकाबोका ठेवलाय याला," तो म्हणाला. दुकानातून त्याने माझ्यासाठी खाऊ आणला होता. कोपऱ्यात टिकटिकणारं घड्याळ, कॅलेंडर, हिशेबनीस, पत्ते लिहून ठेवायची पेटी, माउसच्या बाणाला वेगवेगळे वेश देणारा एक शहाणा, आणि पडद्यावर मासे सोडणारा एक. हा शेवटचा भारीच. कुणी थोडा वेळ बटण दाबलं नाही की तो पडदा काळा करून त्यावर रंगीत मासे पोहायला लावायचा. सुरुवातीच्या फोल्डरातही त्याने दोन-तीन चित्रं आणि एक तुतारी कोंबली. हे सगळं त्याने कोऱ्या फ्लॉपीवर उतरवलं आणि सगळ्यात शेवटी, व्यवस्थित जपून, ठमीच्या फ्लॉपीवरचं.

मोजलंत ना? दादाचे सहा. 'वाचा' सातवी.

त्या नव्या फ्लॉपीवर मी तुतारी वाजवून जागा झालो. सहा जण ऐटीत बसले. 'वाचा' दाराबाहेर उभी राहिली, आणि मी हे कुणाला सांगू? माझं सांगायचं तोंडच बाहेर उभं होतं. दादा टाळी वाजवून म्हणाला, "बघ, कसा जिवंत झाला." मूग गिळून बसायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

बैठक सुरू झाली. बाबांची खुर्ची माझ्यासमोर. आत्या म्हणाली, "हे बघ ठमे, पूल काय, आज नाही तर उद्या होतील. बाप एकच असतो."

दादा म्हणाला, "मी त्यांना घेऊन गेलो असतो गं, पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. आणि त्यांना तुझीच सवय. नाही का हो बाबा?"

बाबांनी डावीकडची यादी उघडली. घड्याळ, कॅलेंडर, मासे. 'वाचा' नाही. त्यांनी यादी मिटली, पुन्हा उघडली. पुन्हा. त्यांच्या कपाळावर घाम आला तो मी बघितला. त्यांनी नाही म्हणून जोरजोरात मान हलवली.

"बघ," आत्या म्हणाली, "तू जाणार म्हटल्याबरोबर जीव कसा कासावीस झाला त्यांचा."

मित्रांनो, मला हात असते तर मी त्या आत्याच्या पुढ्यातला चहा उलटा केला असता.

बाबा हरणारे नव्हते. ज्या माणसाने माइक बंद पडला की फलाटावर धावत जाऊन गाड्या ओरडून सांगितल्या, तो माणूस. त्यांनी माउस सरकवला आणि नवं फोल्डर करायची चौकट उघडली. तिथे नाव टाइप करता येतं, फक्त आठ अक्षरं. एकेक बटण शोधत त्यांनी लिहिलं: ठमी जा. इंग्रजी अक्षरांत, जेमतेम बसलं. फोल्डर पडद्यावर आलं. त्यांनी डाव्या हाताने टेबलावर थापटलं. इकडे बघा म्हणून थापटलं. पण थापटायला बोट बटणावरून उचलावं लागतं, आणि बोट उचलून थोडा वेळ गेला की मासे येतात.

मासे आले. निळे, पिवळे, एक जाडा नारिंगी.

दादाने मान वळवून पाहिलं. "आवडले का बाबा? तुमच्याचसाठी घातलेत." आणि ठमीला म्हणाला, "त्यांना विरंगुळा लागतो गं. दमलेत ते. आता अजून विचारत बसू नका."

ठमी उठली. ती व्हरांड्यात गेली आणि तिने फोन लावला. "माझ्या घरच्या अडचणीमुळे," एवढं मला ऐकू आलं. घरची अडचण माझ्यासमोर बसली होती आणि त्या अडचणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

फोन ठेवून ती मला बंद करायला आली. तिचा हात माउसला लागला, मासे गेले, आणि मागे ते फोल्डर होतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंत?"

बाबांनी टेबलावर एकदा थापटलं.

"मग बोलला का नाहीत?" तिने यादी उघडली आणि तिच्या लक्षात आलं. तिचा आवाज अगदी खाली आला. "दादा, नाकोबाला काय केलंस?"

"काही नाही गं, जरा सजवला. तुझं काही काढलेलं नाही हं. सगळं जसंच्या तसं ठेवलंय, फक्त वर थोडं घातलंय."

फक्त घातलंय! हेच ते वाक्य. माझ्या माहितीतला निम्मा सत्यानाश याच वाक्याने झालाय. काढणारा निदान दोनदा विचार करतो. घालणाऱ्याला वाटतं आपण देतोच आहोत, मग विचारायचं कशाला?

ठमी त्याच्याशी भांडली नाही, जुनी फ्लॉपीही शोधत बसली नाही. फाइलच्या नावाला शेपटी असते, ती बदलली की मी सोबत्याला ओळखत नाही. तिने सहाही जणांच्या शेपट्या बदलल्या आणि माझं बटण दाबलं. तुतारी वाजली, ती थांबवायला तिला सवड नव्हती. मग 'वाचा' आत आली आणि रिकाम्या खुर्च्यांत एकटी बसली.

बाबांनी लिहायला घेतलं. आत्याचा चहा गार झाला. दादा दोनदा काहीतरी बोलायला गेला, ठमीने त्याला हाताने थांबवलं. शेवटी मी बोललो, आणि ठमीने माझा आवाज होता तेवढा सगळा सोडला होता.

"माझं नाव पुढे करून हिला अडवू नका. मला भरवायला कुणीही चालेल. हिचा पूल दुसरं कुणी काढणार नाही. फोन लाव."

तिने फोन लावला. पलीकडच्या बाईंनी हळहळ व्यक्त केली. पण त्यांनी दुसऱ्याला कळवूनही टाकलं होतं. "बरं," ठमी म्हणाली, "हरकत नाही." तिने फोन ठेवला आणि पुसायचं फडकं घेऊन माझी बटणं पुसत बसली. ती पुसायची काही गरज नव्हती.

पूल झाला. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. त्यात ठमीची एकही कमान नाही. मी हे विसरलेलो नाही आणि विसरणार नाही.

दोन उन्हाळे गेल्यावर तिला त्याच शहरातून दुसरं बोलावणं आलं. काम लहान होतं, एका ओढ्यावरचा पादचारी पूल. या वेळी बैठक बसली नाही. तिने माझ्यासमोर बसून बाबांना विचारलं. त्यांनी दोनच बटणं दाबली आणि मी "जा" म्हणालो. बाबांना भरवायला दादाला तिसरा मजला सोडून इथे राहायला यावं लागलं. आता तो रोज माझ्यासमोर बसतो आणि बाबांचं बोट पुढचं अक्षर शोधेपर्यंत थांबतो. सुरुवातीला त्याच्या नाकी नऊ यायचे. वाक्य अर्ध्यावर आलं की तो स्वतःच पुरं करायचा, आणि दर वेळी चुकीचं.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. मला माळ्यावर टाका, माझं झाकण पिवळं पडू द्या, मी त्याबद्दल रडणार नाही. पण कुणाच्या यंत्रात, कुणाच्या खोलीत, कुणाच्या दिवसात काही घालायच्या आधी त्या माणसाला विचारा. आणि विचारलंत तर उत्तर येईपर्यंत बसा. उत्तर लांब असेल, नाकात असेल, तुम्हाला न आवडणारं असेल. तरी बसा.

परवाची गोष्ट. जेवणं झाली होती. दादा बाबांचं तोंड पुसून त्यांच्याजवळ बसला आणि म्हणाला, "बाबा, त्या दिवसाचं अजून तुमच्या मनात आहे का हो?"

बाबांचं बोट बटणांवर फिरलं. माझ्याकडे हळू आवाज नाही, गोड आवाज नाही. जे लिहिलं ते मी म्हणालो.

"हो."

दादाने मान खाली घातली. बाबांनी बोट उचललं आणि पुढचं अक्षर शोधू लागले. ते सापडायला खूप वेळ लागत होता. दादा उठला नाही.