फाट्यावरची शिरगणती

देव माणसं मोजत नाही, ओळखतो, असं बुवांनी दारव्ह्याच्या कीर्तनात सांगितलं तेव्हा अमरसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पुन्हा माणसं मोजायला बसला. नोकरीच ती.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. अमरसिंग हा खेमसिंग नाईकाच्या बंजारा तांड्यातला पहिला मॅट्रिक. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. कुठल्या नाल्याला उतार आहे, कुठं पाणी लागतं, हे त्या घरात पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक. म्हणूनच मोटारकचेरीतल्या मार्ग आखायच्या टेबलावर त्याला हंगामी घेतलं होतं. नकाशावर रेघ ओढली की त्याला वाटे, आपण तांडाच हाकून राह्यलो.

बोरी अरबहून दारव्ह्याला आडवाटेनं नवी गाडी निघणार होती. भगवानराव साहेबांचा नियम साधा होता. बाजाराच्या दिवशी ज्या फाट्यावर चाळीस माणसं दिसतील, तिथं थांबा. नाही तर गाडी सरळ पुढं.

"साहेब, आमच्या तांड्याचा फाटा मी मोजतो."

"वा रे शहाण्या! नवरदेवानंच वऱ्हाड मोजाचं का? तिथं आपला मारोती शिपाई बशीन. तू बोरीले बस."

अमरसिंगचा जीव त्या एका फाट्यात अडकला होता. धाकटी बहीण जमनी चौथी पास झाली होती. पुढची शाळा दारव्ह्याला, नऊ मैलांवर. बापानं, पूनमसिंगनं, एकदाच सांगितलं होतं, "फाट्यावर गाडी थांबली तं शाळा. नाही तं उन्हाळ्यात लगन."

रविवारी तो तांड्यावर गेला. नाईक खेमसिंगच्या अंगणात सगळे जमले. पोरगं मोठ्या अभिमानानं सांगू लागलं, "बाजाराच्या दिवशी कचेरीचा माणूस वही घेऊन येईन. सारे फाट्यावर या, लेकरंबाळं धरून. एक डोकं कमी पडू नका देऊ!"

म्हातारे एकमेकांकडं पाहू लागले. मग खेमसिंग गोड हसला, "येऊ ना बाप्पा. काहून नाही येऊ?" मैनाबाईनं लेकाच्या हातात भाकरी बांधून दिली. जमनी भावाला सोडायला वेशीपर्यंत आली.

"भिया, पहिल्या गाडीत तू राहाशीन?"

"राहीन. तू फक्त हात दाखव."

अमरसिंग माघारी वळला आणि खेमसिंगचं हसू मावळलं. इंग्रजाच्या राज्यात खाकीवाला असाच वही घेऊन हजेरी घ्यायला यायचा. डोकी मोजायचा, आणि एक कमी पडलं की चोर ठरवून साऱ्या तांड्याच्या पाठी फोडायचा. पूनमसिंगच्या पाठीवर ते वळ अजून होते.

"पोरगं भोळं हाय," खेमसिंग म्हणाला. "त्याले फसवलं कचेरीवाल्याइनं."

बाजाराच्या दिवशी तांडा पहाटेच जंगलात शिरला. म्हातारी माणसं पाठीवर घेतली, रडणाऱ्या लेकरांच्या तोंडात गूळ कोंबला. जमनी हटून बसली, तर बापानं तिला खांद्यावर टाकून नेलं. मारोती सांजवेळेपर्यंत फाट्यावर बसून होता. एक बकरी आली, तेवढीच.

भगवानरावांनी वहीतलं शून्य पाहिलं आणि पोट धरून हसले. "अबे अमरसिंग, तुह्या तांड्यात माणसं राह्यतात का भुतं?"

अमरसिंगला एका क्षणात सारं उमगलं. त्यानं हात जोडून हजेरीची, वळांची, सगळी कथा सांगितली. साहेबांनी ऐकून घेतली, पान लावलं.

"कारणं लिहाले रकाना नाही बाप्पा. आता नकाशा तूच काढ. हात साफ हाय तुहा. नीट काढला तं हंगामीचा कायम करतो."

अमरसिंगनं नकाशा काढला. तांड्याच्या फाट्यावरून टाक जराही न थबकता पुढं गेला. तो कायम झाला. थांबा नाही, हे घरी सांगायची मात्र त्याची छाती झाली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता गाडीचा पहिला दिवस उजाडला.

पुढच्या बाकावर साहेब, शेजारी अमरसिंग. वळण घेतलं आणि फाटा दिसला.

अख्खा तांडा उभा होता. पहिल्या गाडीचा दिवस त्यांना बाजारात कळला होता. गाडी आपल्या पोराची, मग भ्यायचं कायले? बाया आरशांच्या ओढण्या घालून आल्या होत्या. खेमसिंगच्या हातात नारळ होता. पूनमसिंगनं धुतलेलं पागोटं बांधलं होतं. सगळ्यांच्या पुढं जमनी, पिशवीत पाटी, हात उंच. तिला काचेतला भाऊ दिसला होता.

अमरसिंगचं मन सवयीनं मोजू लागलं. चाळीस झाले. साठ झाले. जमनी धरून बहात्तर.

"थांबू का साहेब?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मले काय विचारतं? रेघ ह्यानं ओढली, ह्याले विचार."

ड्रायव्हरनं अमरसिंगकडं पाहिलं. साहेबही पाहत होते, हसत.

"थांबा नाही," अमरसिंग म्हणाला.

गाडी गेली. नारळ खेमसिंगच्या हातातच राहिला. अमरसिंगनं मागं वळून पाहिलं नाही. पण "भिया! भिया!" करत धावणारा आवाज नाल्याच्या उतारापर्यंत त्याच्या कानात येत राहिला. तिथं ड्रायव्हरनं गाडीचा वेग वाढवला.