नेमके तेहतीस

पांढुर्ण्याच्या बस स्टँडमागे वसंत सरांचा कम्प्युटर क्लास होता आणि त्या क्लासमध्ये अकरा वर्षांपासून एकच फाइल शिकवली जात होती. शिकवली जात होती म्हणणं जरा जास्तच झालं. उतरवली जात होती. सरांनी क्लास उघडला त्या साली आपल्या टपोऱ्या अक्षरात वीस प्रोग्राम लिहून ठेवले, आणि तेव्हापासून दर बॅचची पोरं-पोरी ती 'मास्टर फाइल' पुढ्यात घेऊन, समास सोडून, शीर्षकाखाली लाल रेघ मारून जशीच्या तशी उतरवत. मग सर सही करत. सहीची फाइल हातात असली तरच डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला बसता येई. यात शिकायचं काय, हे विचारायची कुणाला गरजही वाटत नसे.

तिगावच्या प्रणालीला वाटली. ती काही फार हुशार म्हणून नावाजलेली नव्हती. बारावीला गणितात तिला नेमके तेहतीस मिळाले होते. इकडच्या बोर्डात पास व्हायला तेहतीसच लागतात, तेव्हा पोरगी पास, पण गावाने महिनाभर तिची टिंगल केली. मात्र एखादी गोष्ट कळली नाही की तिला चैन पडत नसे. इथे पुस्तक इंग्रजीत, सर शिकवणार हिंदीत आणि तिचं डोकं चालणार मराठीत. शेवटी तिने फोनवरच्या एआयला आपल्या बोलीत विचारायला सुरुवात केली. पहिल्याच प्रश्नाला त्याने अख्खा प्रोग्राम लिहून हातावर ठेवला, तर ही चिडली. 'उत्तर नको देऊ. मले प्रश्न इचारत जाय, उत्तर मी शोधीन,' असं तिने त्याला बजावलं. एकदा तर त्याने छातीठोकपणे चूकच सांगितली. तिने प्रोग्राम चालवून पाहिला आणि त्याचीच कानउघाडणी केली. त्या दिवशी स्वारी दिवसभर खुशीत होती.

मग आला सातवा प्रोग्राम. गुण टाका, पास की फेल ते कम्प्युटर सांगेल. मास्टर फाइलीत ऐंशी टाकून पास आणि वीस टाकून फेल दाखवलं होतं. प्रणालीने आपले तेहतीस टाकले. स्क्रीन म्हणाली, फेल.

तिचा तिळपापड झाला. 'मी पास आहो. हे मले फेल काहून म्हणून राहिलं?' तिने फोनला विचारलं.

उत्तर आलं, 'तुमच्या अटीत तेहतीसपेक्षा जास्त गुण असलेले पास आहेत. मग ज्याला नेमके तेहतीस आहेत, तो कुठे गेला?'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिने जास्तच्या चिन्हाला बरोबरचं चिन्ह जोडलं. तेहतीस किंवा त्याहून जास्त. स्क्रीनवर पास आलं आणि ती एकटीच मोठ्याने हसली.

बुधवारी फायली तपासताना सरांचं लाल पेन तिच्या सातव्या पानावर अडकलं.

"हे काय आहे? मास्टर फाइलीत असं नाही."

"सर, थ्या फाइलीत गलती आहे."

अकरा वर्षांत असं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. पण इतकी वर्षं कुणी चूक दाखवली नाही की माणसाला आपलं लिहिलेलं काळ्या दगडावरची रेघ वाटायला लागतं.

"कोनं सांगतलं तुले?"

"एआयनं प्रश्न इचारला. गलती म्या शोधली."

"म्हंजे कॉपी केली!"

"कॉपी तं सारे करून राहिले, सर. मी इचारून शिकून राहिली."

इथे सरांचा पारा चढला. त्यांनी फाइल तिच्याकडे सरकवली. "माफीनामा लिहून आण, का मोबाइलवरून कॉपी केली म्हनून. सातवा प्रोग्राम मास्टरवरून उतरव. शनिवारी सही करीन. नाही तं सोमवारी प्रॅक्टिकलले सौसरच्या सेंटरवर येऊ नको."

म्हणजे वर्ष गेलं. डिप्लोमा हातात पडला की सौसरच्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात तिला ऑपरेटर म्हणून घेणार होते, तेही गेलं. तिच्याच बॅचचा, लोधीखेड्याचा कुणाल तिच्यामागे जिन्यापर्यंत आला. "लिहून दे ना वो. एका चिन्हासाठी साल घालवतं का?" तो भल्यासाठीच सांगत होता, म्हणून तिला जास्त राग आला.

घरी बापानेही तेच सांगितलं. सुखदेव पंचायतीच्या नळाचं पाणी सोडायच्या कामावर होता. "माफीच तं आहे. सायबाले म्या किती डाव लिहून देल्ली. माहं काय झिजलं?"

आई, शांताबाई, नुकतीच संत्र्याच्या छाटणीवरून आली होती. तिने हातपाय धुतले आणि विचारलं, "हिनं केलं काय पन?"

"माय, सर म्हणते तसं लिहिलं तं तेहतीसवाली पोरगी फेल होते."

शांताबाईने आयुष्यात शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण तिला क्षणात कळलं. "म्हंजे मी फेल आहो, असं तू सोताच्या हातानं लिहून देशीन?"

सुखदेवने पुन्हा माफीचा विषय काढला नाही.

शनिवारी ती क्लासला गेली. बावीस जणांच्या सही झालेल्या फायलींचा गठ्ठा टेबलावर बांधायला काढला होता. तिने शेजारी आपली फाइल ठेवली. सातवं पान होतं तसंच होतं.

"माफीनामा?" सरांनी विचारलं.

"नाही आणला."

"मंग सही होनार नाही."

"नका करू, सर. पन काहून नाही केली, थे तुमच्या हातानं लिहून द्या."

"एआयची मदत घेतली, असं लिहितो."

"लिहा. म्या लपवलंच नाही. पन त्याच्याखाली हे बी लिहा, का हिचा सातवा प्रोग्राम चूक आहे का बरोबर."

"बाहेरच्या परीक्षकाले हे दिसते का? अकरा सालात कोनाले दिसलं नाही!"

"मले दिसलं ना."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. पेन कागदापर्यंत गेलं आणि थांबलं. काहीतरी लिहायचं तर आधी बघणं भाग होतं. ते स्वतःच्या कम्प्युटरकडे वळले, मास्टर फाइलीतला प्रोग्राम त्यांनी एकेक अक्षर टाइप केला आणि तेहतीस टाकले. फेल. पुन्हा टाकले. पुन्हा फेल. मग प्रणालीचं पान समोर धरून त्यांनी ती ओळ बदलली. पास. सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि ते बघून प्रणालीला पहिल्यांदाच त्यांची थोडी कीव आली.

त्यांनी सही केली. तारीख टाकली. "जाय आता. सोमवारी टाइमावर ये."

फाइल छातीशी धरून धावत सुटावं, असं तिला फार वाटलं. पण ती हलली नाही.

"आता काय राह्यलं?"

"ह्या बावीस फायली."

"त्यायच्यावर सह्या झाल्या."

"सह्या झाल्या, सर. पन माह्यासारखी पोरगी त्यायच्यात अजून फेलच आहे."

तिने खुर्ची ओढली, गठ्ठ्यावरची पहिली फाइल घेतली, सातवं पान उघडून सरांसमोर धरलं आणि लाल पेन त्यांच्याकडे सरकवलं.

"तुम्ही दुरुस्त करा. बावीस होयेपर्यंत मी बसून आहो."